भाग १४: पायथनने कम्पायलरला लिहिलेली चिठ्ठी

आजचा भाग एका मृत्यूपासून सुरू होतो. घाबरू नका, मेली ती एक प्रोसेस होती.

बी.टेक.चं शेवटचं वर्ष. कम्पायलर हा विषय आम्हाला होता, पण कसा होता? लॅबमध्ये लेक्स आणि याक वापरून टोकन पाडायचे, पार्स ट्री काढायचं, आणि कोड जनरेशनपर्यंत पोचेपर्यंत सबमिशनची तारीख यायची. म्हणजे प्रोग्रामचं शेवटी मशीन कोडमध्ये रूपांतर होतं ते नक्की कसं, हे आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मी प्रोजेक्टला तेच घेतलं. एक छोटीशी भाषा बनवायची, तिचा पुढचा सगळा भाग पायथनमध्ये लिहायचा, आणि मशीन कोड बनवायचं अवघड काम एलएलव्हीएम नावाच्या लायब्ररीवर सोपवायचं. एलएलव्हीएम सी प्लस प्लसमध्ये आहे, पण तिला सी भाषेतलं एक दार आहे, आणि पायथनमधून सीच्या दारावर टकटक करायला सीटाइप्स आहे. म्हटलं, एवढंच तर आहे.

पहिला प्रोग्राम चालला. उत्तर बरोबर आलं. आणि उत्तर छापून झाल्यावर पुढच्याच क्षणी स्क्रीनवर दोन शब्द: सेगमेंटेशन फॉल्ट. पायथन चुकला तर निदान ट्रेसबॅक देतो, कुठल्या ओळीवर अडलो ते सांगतो. इथे काहीच नाही. पायथनच मेला, सांगणार कोण?

दोन रात्री गेल्या. चूक माझीच होती आणि ती काय होती ते पुढे सांगतो, कारण आजची सगळी कथा त्या एका चुकीभोवती फिरते. मला नंतर कळलं की माझ्या आधी फार मोठमोठी माणसं तिथेच अडखळली होती.

आधी एलएलव्हीएम कुठून आलं ते बघू. डिसेंबर २०००, अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शॅम्पेन. ख्रिस लॅटनर नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम आडवे. आडवे सर १९८७ चे आयआयटी मुंबईचे बी.टेक., म्हणजे पवईच्या हॉस्टेलमधून गेलेला माणूस. (हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.) २०१२ साली आडवे, लॅटनर आणि इव्हान चेंग या तिघांना एलएलव्हीएमसाठी एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

त्या काळी मुक्त कम्पायलर म्हटलं की जीसीसी. जीसीसी उत्तम होतं, पण ते एक अखंड यंत्र होतं. पिठाची गिरणी असते ना, वरून गहू टाकायचे आणि खालून पीठ घ्यायचं. मधलं जातं उचलून घरी नेता येत नाही. जीसीसीला प्लगिनची सोयसुद्धा ४.५ या आवृत्तीत, २०१० साली आली. एलएलव्हीएमची कल्पना उलट होती. कम्पायलर म्हणजे सुट्या लायब्ररींचा संच. तुम्हाला फक्त ऑप्टिमायझर हवा? घ्या. फक्त शेवटचा मशीन कोड काढणारा भाग हवा? तोही घ्या. आणि या सगळ्या भागांनी आपापसात बोलायचं ते एका मधल्या भाषेत, जिला आयआर म्हणतात, इंटरमीडिएट रिप्रेझेंटेशन.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण शेवटी हीच गोष्ट कामाला येणार आहे. लॅटनर आणि आडवे यांचा जो २००४ चा प्रसिद्ध पेपर आहे, त्यात या आयआरची तीन रूपं आहेत. एक मेमरीतलं, म्हणजे सी प्लस प्लसचे ऑब्जेक्ट. दुसरं डिस्कवर ठेवायचं बायनरी रूप. आणि तिसरं साधा मजकूर, माणसाला वाचता येईल असा. तिन्ही एकमेकांच्या बरोबरीची. यातून त्यात आणि त्यातून यात जाताना काही गळत नाही. मजकुराचं रूप बहुतेक लोक तपासणीसाठी वापरत. आतमध्ये काय चाललंय ते डोळ्यांनी बघायला. बस.

सुटी लायब्ररी म्हटल्यावर दुसऱ्या भाषांतून तिला हाक मारणारे आलेच. २००८ साली महादेवन आर. यांनी एलएलव्हीएम-पाय हा प्रकल्प सुरू केला. सीचं दार होतंच, जिथे ते अपुरं पडलं तिथे स्वतःची भर घातली, आणि वर पायथनचे क्लास बसवले. एका मॉड्यूलचा ऑब्जेक्ट बनवा, त्यात फंक्शन घाला, फंक्शनमध्ये ब्लॉक, ब्लॉकमध्ये सूचना. कम्पायलर शिकणाऱ्यासाठी हे वरदानच. सी प्लस प्लसमध्ये हेच करायचं तर प्रत्येक बदलानंतर बिल्ड आणि लिंक, तोवर चहा पिऊन या. पायथनमध्ये ओळ लिहिली की चालवून बघितली.

नेमक्या त्याच सुमारास गूगलमधल्या काही इंजिनियरांनी उलट बाजूने विचार केला. पायथनमधून एलएलव्हीएमला हाक कशाला, एलएलव्हीएमच पायथनच्या पोटात बसवू. २००९ चा हा प्रकल्प, अनलेडन स्वॉलो. नाव मॉन्टी पायथनच्या विनोदावरून. ध्येय होतं सीपायथन २.६ च्या पाचपट वेग. पुढच्या वर्षी तो मूळ पायथनमध्ये सामील करायचा रीतसर प्रस्तावही आला, पेप ३१४६. तो कधी अमलात आला नाही. २०११ मध्ये रीड क्लेक्नर यांनी या प्रकल्पाचा मागोवा घेणारं लिखाण केलं, आणि त्यातला सूर प्रामाणिक आहे. एलएलव्हीएम मुळात सी, सी प्लस प्लससारख्या भाषांसाठी घडलेलं, जिथे कम्पायलरला निवांत वेळ असतो आणि प्रकार आधी ठाऊक असतात. पायथनमध्ये प्रोग्राम चालू असतानाच सगळं करायचं, आणि पुढच्या क्षणी व्हेरिएबलमध्ये आकडा असेल की स्ट्रिंग ते माहीत नाही. मेमरी वाढली, सुरू व्हायला वेळ लागू लागला, आणि त्या टीमचा बराच वेळ एलएलव्हीएमच्या जिटमधलेच दोष काढण्यात गेला. त्यातून चांगलंही निघालं. जिटने जागच्या जागी बनवलेला कोड जीडीबी डीबगरला दिसावा ही सोय त्यांच्या कामातूनच आली. पण पाचपट वेग आला नाही. पायपायवाल्यांचीही हीच कहाणी. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की एलएलव्हीएम पाच-सहा वेळा वापरून बघितलं, दरवेळी जमलं नाही.

मला यात कुणाचा मूर्खपणा दिसत नाही. दोन कर्ती माणसं एका स्वयंपाकघरात, एवढंच.

मग २०१२. ट्रॅव्हिस ऑलिफंट, म्हणजे नमपाय घडवणारा माणूस, त्याने नम्बा सुरू केलं. नम्बाची हुशारी अशी की त्याने अख्ख्या पायथनचा नाद सोडला. म्हणाला, मला फक्त आकडेमोडीची फंक्शनं द्या, लूप आणि ॲरे असलेली. फंक्शनच्या डोक्यावर ॲट जिट असं लिहा. फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की नम्बा आलेल्या माहितीचे प्रकार बघतं, त्यावरून आतल्या सगळ्या व्हेरिएबलचे प्रकार ताडतं, आयआर तयार करतं, एलएलव्हीएमकडून मशीन कोड करून घेतं. म्हणूनच पहिला कॉल हळू असतो आणि दुसऱ्यापासून उडतो. डेटा सायन्स करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे वापरलंय, आत एलएलव्हीएम आहे हे ठाऊक नसताना.

नम्बाला पायथनमधून एलएलव्हीएम हवं होतं, पण एलएलव्हीएम-पाय तोवर मागे पडलं होतं. ऑलिफंट यांच्या कॉन्टिन्युअम ॲनालिटिक्स या कंपनीने ते दत्तक घेतलं, नावातली रेघ काढून एलएलव्हीएमपाय केलं, आणि त्यातून एलएलव्हीएमची जास्तीत जास्त सी प्लस प्लस बाजू पायथनला उघडी करून दिली. जे जे सी प्लस प्लसमध्ये करता येतं ते ते पायथनमध्ये. ऐकायला स्वप्नवत.

इथे माझ्या मेलेल्या प्रोसेसकडे परत येऊ.

पायथनमध्ये एखादा ऑब्जेक्ट कधी मरतो? त्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही की. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टसाठी मोजदाद ठेवतो, किती जण धरून आहेत. मोजणी शून्यावर आली की मेमरी परत. मालक असा कुणी नसतोच, असतात ते धरणारे. सी प्लस प्लसचा हिशोब निराळा. तिथे मालकी असते. एलएलव्हीएममध्ये मॉड्यूल फंक्शनचं मालक, फंक्शन ब्लॉकचं, ब्लॉक सूचनांचा. मालक गेला की त्याच्या पोटातलं सगळं गेलं. आता पायथनमध्ये तुम्ही एका सूचनेचा ऑब्जेक्ट हातात धरून बसलाय, आणि तिकडे मॉड्यूल मोडीत निघालं. तुमच्या हातात राहतो तो पाडलेल्या घराचा पत्ता. पायथनला वाटतं वस्तू जिवंत आहे, मोजणी एक आहे ना! तिथे हात लावला की सेगफॉल्ट.

याहून वाईट प्रकार म्हणजे मालकी मधेच बदलते. मॉड्यूल तुम्ही बनवलं, तोवर ते तुमचं. ते तुम्ही एक्झिक्युशन इंजिनच्या हवाली केलं की त्या क्षणापासून इंजिनचं. सातबारा बदलला. पण पायथनच्या बाजूचा तुमचा ऑब्जेक्ट तसाच आहे, त्याला तलाठ्याने काही कळवलेलं नाही. मी काय केलं होतं? शहाण्या मुलासारखं माझ्या मॉड्यूल क्लासच्या डेल मेथडमध्ये मेमरी मोकळी करायचं फंक्शन लावलं होतं. प्रोग्राम संपला, इंजिन गेलं, जाताना त्याने आपलं मॉड्यूल मोडलं. मग माझा ऑब्जेक्ट गेला आणि त्याने तेच मॉड्यूल पुन्हा मोडायला घेतलं. उत्तर बरोबर येऊन नंतर मरण, ते यामुळे.

माझ्याकडे दोन-तीन क्लास होते. एलएलव्हीएमची सी प्लस प्लस बाजू अवाढव्य आहे, आणि प्रत्येक फंक्शनचा मालकीचा नियम वेगळा असू शकतो. हे सगळं पायथनच्या मोजदादीत बसवायचं म्हणजे हजार ठिकाणी तोच हिशोब. वर एलएलव्हीएमची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि सी प्लस प्लस बाजू स्थिर ठेवण्याचं वचन त्यांनी कधी दिलेलं नाही. क्लासचं नाव बदललं, एक आर्ग्युमेंट वाढलं, की तुमचा पूल पुन्हा बांधा. आणि एलएलव्हीएमला चूक सापडली तर? आय-थर्टीटू आणि आय-सिक्स्टीफोर यांची बेरीज करायला सांगितली तर तपासणी चालू असलेल्या बिल्डमध्ये ते ॲसर्शन फेकून सरळ प्रोसेस बंद करतं. कम्पायलर स्वतंत्र चालत असेल तर ठीक. इथे तो तुमच्या पायथनच्या पोटात आहे. तो गेला की तुमची नोटबुक, तासाभराचा डेटा, सगळं गेलं.

२०१४ मध्ये नम्बाच्या टीमने हा पूल पाडायचं ठरवलं. नवी लायब्ररी आली, एलएलव्हीएमलाइट. तिच्या मागे मुख्यतः आंत्वान पित्रू, सीपायथनच्या गाभ्यावर काम करणारा प्रोग्रॅमर. पायथन ३.२ मधलं नवं जिल त्याचंच. आणि या लायब्ररीत त्यांनी जे केलं ते मला आजही फार आवडतं, कारण ऐकल्यावर आधी ते मागासलेलं वाटतं.

त्यांनी प्रश्न विचारला, आपल्याला एलएलव्हीएममधलं नक्की लागतं काय? आयआर बनवणं, ऑप्टिमाइझ करणं आणि जिट. बाकी शंभर गोष्टी नकोत. मग यातलं आयआर बनवणं, ज्यात सगळ्यात जास्त ऑब्जेक्ट आणि सगळ्यात जास्त मालकीची भांडणं, ते त्यांनी एलएलव्हीएमकडून काढूनच घेतलं. शुद्ध पायथनमध्ये नव्याने लिहिलं. मॉड्यूल, फंक्शन, ब्लॉक, सूचना, सगळे साधे पायथनचे ऑब्जेक्ट. एलएलव्हीएमला त्यांचा पत्ताच नाही. सगळं रचून झालं की या ऑब्जेक्टना म्हणायचं, आता स्वतःला मजकुरात लिहा. तो मजकूर, एक लांबलचक स्ट्रिंग, एलएलव्हीएमच्या पार्सरला द्यायची. एलएलव्हीएम ती वाचतं आणि आपल्या घरात आपले ऑब्जेक्ट बनवतं.

म्हणजे चूल वेगळी केली आणि चिठ्ठीवर व्यवहार सुरू केला. २००४ च्या पेपरमधलं ते तिसरं रूप आठवलं?

चिठ्ठी दिसते कशी? वाचून दाखवतो, ऐकायला गंमत वाटेल. बेरजेचं फंक्शन: "डिफाइन आय-थर्टीटू ॲट बेरीज, कंसात आय-थर्टीटू पर्सेंट अ, आय-थर्टीटू पर्सेंट ब, कंस पूर्ण. महिरप सुरू. एन्ट्री, कोलन. पर्सेंट क बरोबर ॲड आय-थर्टीटू पर्सेंट अ, पर्सेंट ब. रिट आय-थर्टीटू पर्सेंट क. महिरप बंद." झालं. प्रत्येक किमतीला एक नाव, ते एकदाच द्यायचं, प्रकार जिथल्या तिथे लिहिलेला.

उरलं ऑप्टिमायझर आणि जिट. त्यासाठी सीचं एक पातळसं आवरण ठेवलं, शक्य तिथे एलएलव्हीएमचं मूळ सी दार वापरलं, जे लहान आहे पण सहसा बदलत नाही. ते पायथनला जोडलं सीटाइप्सनेच. पायथनचं खास एक्स्टेन्शन बांधायची गरज नाही, पायथन ज्या कम्पायलरने बांधला तोच हवा ही कटकट नाही. या पातळ थरात धरायच्या वस्तू मोजक्याच. मॉड्यूल, इंजिन, टार्गेट, अशा. एवढ्यांची मालकी एक माणूस नीट सांभाळू शकतो. मॉड्यूल इंजिनला दिलं की लायब्ररी स्वतः नोंद करते, हे आता आपलं नाही. माझ्या क्लासमध्ये नेमकी हीच एक ओळ नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे उधळपट्टीचं नाही का? आधी ऑब्जेक्ट बनवा, मग ते मजकुरात छापा, मग तो मजकूर पुन्हा वाचा. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात एलएलव्हीएमलाइटच्या लेखकांनीच नोंदवलंय की नम्बाची अख्खी चाचणी-मालिका पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने धावू लागली. पूर्वी प्रत्येक छोट्या सूचनेसाठी पायथनमधून सी प्लस प्लसमध्ये जायचं, जाताना-येताना वस्तू गुंडाळायच्या, उलगडायच्या. आता एकदाच सीमा ओलांडायची, हातात एक कागद घेऊन. २०१५ च्या सुरुवातीला नम्बा पूर्णपणे एलएलव्हीएमलाइटवर गेलं.

माझा प्रोजेक्टही शेवटी तिच्यावर गेला. आणि पहिल्याच दिवशी मी फंक्शनच्या शेवटी रिट लिहायला विसरलो. या वेळी प्रोसेस मेली नाही. साधा पायथनचा रनटाइम एरर आला, आयआरच्या कितव्या ओळीत, कितव्या अक्षरावर, आणि पुढे म्हटलेलं की इथे सूचना अपेक्षित होती. मी ती ओळ बघितली, तिथे नुसती बंद महिरप. एवढ्या सभ्य शब्दांत मला माझी चूक एलएलव्हीएमने त्याआधी कधी सांगितली नव्हती. चिठ्ठी चुकली तर ती परत येते, घर पडत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. सी प्लस प्लस बाजू बदलते म्हणून मजकुराकडे गेलो, पण मजकुराची भाषाही कायमची नाही. पूर्वी आयआरमध्ये पॉइंटरला प्रकार असायचा, हा आय-थर्टीटूचा पॉइंटर, तो डबलचा. एलएलव्हीएमने ठरवलं की याचा उपयोग कमी आणि डोकेदुखी जास्त. १५ व्या आवृत्तीत, २०२२ साली, सगळे पॉइंटर नुसते पॉइंटर असं मूळ वर्तन झालं, आणि १७ मध्ये, २०२३ साली, जुनी पद्धत काढूनच टाकली. एलएलव्हीएमलाइटचा पायथनमधला बिल्डर पॉइंटरचा प्रकार बघूनच पुढचं ठरवायचा, आणि नम्बाचा कोडही त्याच भरवशावर लिहिलेला. म्हणून ही मंडळी बराच काळ १४ वर थांबून राहिली. एलएलव्हीएम पुढे धावतंय आणि आपण मागे, ही भीती चिठ्ठीने संपवलेली नाही. पण फरक असा की आता दुरुस्ती करायची ती पायथनच्या कोडमध्ये, उघड्या डोळ्यांनी, हजार ठिकाणच्या मालकीच्या हिशोबात नव्हे.

आणि मूळ पायथनचं काय? अनलेडन स्वॉलोनंतर एलएलव्हीएमचं नाव तिथे बरीच वर्षं फारसं निघालं नाही. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आला आणि त्यात प्रयोग म्हणून एक जिट. पद्धतीचं नाव कॉपी-अँड-पॅच, २०२१ च्या एका संशोधन-पेपरमधून घेतलेली. पायथनच्या आतल्या प्रत्येक छोट्या सूचनेसाठी सीमध्ये एक लहानसा तुकडा लिहिलेला असतो. पायथन बांधताना, म्हणजे बिल्ड करताना, क्लँग, जो एलएलव्हीएमच्याच घरातला सीचा कम्पायलर, तो या तुकड्यांचा मशीन कोड करून ठेवतो, मधे मधे रिकाम्या जागा सोडून. कोऱ्या फॉर्मसारखं. तुमचा प्रोग्राम चालू असताना जिट काय करतो, तर हवे ते फॉर्म एकापुढे एक ठेवतो आणि रिकाम्या जागांत पत्ते भरतो.

त्या वेळी तुमच्या लॅपटॉपवर एलएलव्हीएम नसतंच. ते बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवर येऊन, काम करून, केव्हाच निघून गेलेलं असतं. विंडोज आणि मॅकसाठी ३.१४ चा अधिकृत पायथन उतरवलात तर हा जिट त्यात झोपलेला आहे. पायथन-जिट नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकवर ठेवा, जागा होतो.